स्वयंपाकघराचं फाटक

बत्तीस वर्षं मी कसारा लाइनवरच्या एका फाटकावर गेटमन होतो. गाडी यायची झाली की दांडी खाली, गाडी गेली की दांडी वर. या कामाला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी लग्नाचं वऱ्हाड, विटांचा ट्रक आणि शेळ्यांचा कळप एकाच वेळी थोपवून दाखवावा. शहापूर तालुक्यातल्या निम्म्या मोटरसायकलवाल्यांनी स्वतःच्या अकलेबद्दल माझ्या तोंडून दोन शब्द ऐकलेले आहेत. त्यामुळे निवृत्तीनंतर दोन वर्षांनी माझ्याच मुलीने फोन केला आणि म्हणाली, "बाबा, घरात गेट लावून घ्या, मी लिंक पाठवते," तेव्हा मी तिला तिथेच तोडलं.

"गेटचं तू मला शिकवू नको गो," मी म्हणालो. लिंक मी उघडलीच नाही.

गेट हवं होतं माझ्या नातीसाठी. वय दहा महिने, रांगायचा वेग भलताच. मुलगी आणि जावई शहापुरात फ्लॅटमध्ये राहतात. मुलगी मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे आलेला माल उलटासुलटा करून बघायचा आणि नापास करायचा, याचा तिला पगार मिळतो. तिची वाढवून घेतलेली रजा महिनाअखेरीला संपत होती. शहापूरहून मुरबाडला जाताना आमचं गाव वाटेतच लागतं. सकाळी नातीला आमच्याकडे सोडायचं, संध्याकाळी न्यायचं, हा बेत मी आणि बायकोने नात जन्मायच्या आधीच पक्का करून टाकला होता. मुलीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

पण तेवढ्यात शहापुरात एक पाळणाघर निघालं. भिंतीवर ससे रंगवलेले, खाली मऊ चटई, दारादाराला गेट. मुलगी ते बघून आली आणि तिला आमचं घर आठवलं. आमच्या घरात पुढे बैठकीची खोली आणि मागे स्वयंपाकघर. मध्ये दार म्हणजे नुसती सागाची चौकट, तिला फळ्या कधी बसल्याच नाहीत. चौकटीच्या पलीकडे गॅस, मागची पडवी, पडवीत पाणी तापवायची चूल, कोंबड्या, आणि गच्चीवर जाणारा जिना. जिन्याला कठडा नाही. घर बांधलं त्या साली 'पुढच्या वर्षी लावू' म्हणालो होतो. अजूनही दर वर्षी तेच म्हणतो.

"ती चौकट बंद झाली पायजे, बाबा. एक तारखेच्या आत," मुलगी म्हणाली. "नायतर मी पाळणाघरात नाव घालते."

मला नात हवी होती. यात आडपडदा ठेवण्यासारखं काही नाही. आयुष्यभर दर थोड्या वेळाने गाडी जाण्याची सवय झालेल्या माणसाला घरातली शांतता खायला उठते. बायको दुपारी झोपते, कुत्रा दिवसभर झोपतो. आमच्या कुत्र्याला नाव नाही. लहानपणी त्याला सगळ्यांनी इतक्या वेळा 'हाड' म्हटलं की आता 'हाड' म्हटलं की तो शेपटी हलवत जवळ येतो. असल्या सोबतीत माणसाने दिवस काढायचे तरी किती?

बायकोचा उपाय सोपा होता. "साडीनं बांधून ठेवायची मेढीला," ती म्हणाली. मेढ म्हणजे घराचा मधला खांब. माझी आई आवणाला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाताना मला तसंच बांधून जायची. कमरेला जुन्या लुगड्याचं एक टोक, मेढीला दुसरं, मध्ये दोन हातांचं जग. मी म्हणालो, मला बांधलं म्हणून काही बिघडलं का?

"बिघडलं नाय कसं?" ती म्हणाली. "त्याच्यानंतर जल्मभर तुमी दुसऱ्यांना अडवीत बसलात."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात गेट तयार झालं होतं. आमच्याकडे गेट म्हणजे एक तर फार्महाऊसचं लोखंडी धूड, नाहीतर रेल्वेचं फाटक. तिसरा प्रकार मी पाहिलेला नव्हता. मी मुरबाडच्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. त्याचा सगळा धंदा मुंबईकरांच्या फार्महाऊसांवर चालतो.

"वर भाले लावू का, काका?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"चोर चढू नये म्हणून."

"चोर दहा महिन्यांचा हाय."

त्याने थोडा विचार केला. "मंग सिंहाचा तोंड लावतो मधी. पोरं घाबरतात."

भाले नको, सिंह नको, असं बजावून मी त्याला कागदावर चित्र काढून दिलं. एक लांब पाइप, चौकटीच्या एका बाजूला खिळीवर फिरणारा. पाइपाच्या आखूड टोकाला वाळू भरलेला डबा, म्हणजे लांब टोक बोटाने उचललं तरी वर जाईल. समोरच्या बाजूला खाच, खाचेला कडी, कडीला कुलूप. मधोमध लाल तबकडी. आणि रंग अर्थातच लाल-पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा. फॅब्रिकेटरने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला चहा मागवला. वेड्यांशी प्रेमाने वागावं असं त्याला कोणीतरी शिकवलं असावं.

चार दिवसांत दांडी चौकटीवर चढली. उंची कमरेच्या थोडी वर, कारण फाटकाची दांडी तेवढीच असते. गावातली माणसं बघायला आली. विहारातून वंदना आटोपून येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी ती तीन-तीन वेळा वरखाली करून बघितली आणि एकाने विचारलं, "गाडी कवा हाय?" मला राग आला नाही. उलट, खरं सांगायचं तर, निवृत्तीनंतर इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

दांडी आली तसे नियमही आले. फाटकावर असताना गाडी येण्याआधी स्टेशन मास्तरचा फोन यायचा. मी गेट बंद करायचं, कुलूप घालायचं आणि फोनवर मास्तरला एक नंबर द्यायचा. दोन आकडी. त्याचा छापील तक्ता असतो, आकडे उलटसुलट. दिलेला नंबर लगेच खोडायचा, तो पुन्हा वापरायचा नाही. त्याला आम्ही प्रायव्हेट नंबर म्हणतो. नंबर दिला म्हणजे गेटमनने शब्द दिला की गेट बंद आहे, आता गाडी येऊ दे. मुलगी लहान होती तेव्हा आमचा हा खेळच असायचा. ती चपलेचा फोन कानाला लावायची आणि विचारायची, "गेट बंद? नंबर द्या." मी नंबर दिला की ती स्वतःच गाडी होऊन क्वार्टरभर पळायची.

तर मी बायकोला सांगितलं की नात घरात असताना स्वयंपाकघरात जाता-येताना दांडी उचलायची, पलीकडे जायचं, दांडी पाडायची, कुलूप घालायचं आणि मला नंबर द्यायचा.

"भात शिजवायला पण सिग्नल लागंल आता?" ती म्हणाली.

"नियम म्हणजे नियम."

त्यानंतर तिने दिवसभर मला स्वयंपाकघरातून नंबर दिले. "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, घ्या तीन." "मिठाच्या बरणीत मुंग्या झाल्यात, मोजून सांगू का?" संध्याकाळी चहाची वेळ झाली तेव्हा मला फक्त एवढंच ऐकू आलं, की गाडीला लाल सिग्नल आहे आणि कधी सुटेल ते सांगता येत नाही. त्या दिवशी चहा मला शेजारी जाऊन प्यावा लागला.

बाजाराच्या दिवशी मुलगी नातीला घेऊन आली. दांडी बघून तिने ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होती की नापासाचा शिक्का शोधत होती, कळलं नाही. "आल्यावर बघते नीट," म्हणाली आणि आईला घेऊन बाजाराला गेली. अर्ध्या तासाचं काम. घरात मी, नात आणि कुत्रा.

मी नातीला चटईवर ठेवलं. दांडी पाडली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मग खुर्चीत बसून म्हणालो, "ये, बघू आता कशी जातेस." ती निघाली. चौकटीपाशी जाऊन थांबली, वर मान करून लाल तबकडीकडे बघितलं. तबकडी तिला आवडली असावी, कारण ती हसली. मग मान जरासुद्धा न वाकवता ती दांडीखालून सरळ पलीकडे गेली. पलीकडून एक कोंबडी त्याच वाटेने अलीकडे आली. कुत्रा आडवाच होता, त्याने दोघींकडे एकेकदा पाहिलं.

पहिल्यांदा मला हसू फुटलं. बत्तीस वर्षं दांडीखालून वाकून जाणाऱ्यांना मी शिव्या घातल्या. सायकलवाले, दूधवाले, नववीतली पोरं, एकदा तर खुद्द नवरदेव. सगळ्यांना विचारलं, डोळे फुटले का? आणि आता स्वतःच्या घरात दोन फूट उंचीच्या माणसासाठी मी तीन फुटांवर दांडी बसवली होती. इतका धडधडीत मूर्खपणा करायला बत्तीस वर्षांचा अनुभवच लागतो.

ती पडवीकडे वळली आणि मला तिच्या झबल्याची फक्त पाठ दिसली. हसू तिथेच गेलं. हे मी आधी एकदा पाहिलेलं होतं.

मी दांडीखालून वाकून गेलो, तिला उचललं आणि चुलीपासून चार हातांवर तिला पोटाशी धरून खाली बसलो. तिला हा खेळ वाटला. तिने माझा चष्मा काढून घेतला.

जे पाहिलं होतं ते मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. फाटकाला लागूनच आमचं क्वार्टर. बायको नळावर पाणी भरायला गेली होती आणि मुलगी माझ्यापाशी, केबिनच्या पायरीवर, रिकाम्या डब्याशी खेळत होती. मास्तरचा फोन आला. मी दांडी पाडली, कुलूप घातलं, केबिनमध्ये जाऊन भिंतीवरचा फोन घेतला आणि नंबर दिला. बहात्तर. तक्त्यावरचा बहात्तर खोडला. वळून बाहेर बघितलं तर पायरीवर नुसता डबा. मुलगी दांडीखालून लाइनवर गेली होती. दोन रुळांच्या मध्ये बसून खडी वेचत होती.

मला ओरडता आलं नाही. जगाला ओरडणारा मी, त्या दिवशी तोंडातून हवासुद्धा निघाली नाही. गेट उघडायची वाट बघत एक करवंदवाली उभी होती. तिने डोक्यावरची टोपली टाकली, दांडीखालून गेली, पोरीचा फ्रॉक मुठीत धरून तिला उचललं आणि परत आली. पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. मग माझ्याकडे बघून जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. सांडलेली करवंदं तिने गोळा केली, त्यातली मूठभर पोरीच्या हातात दिली. गाडी आली. मी हिरवा झेंडा धरून उभा राहिलो, कारण उभं राहायचं असतं. गाडी गेली.

गेट बंद होतं. नंबर खरा होता. माझ्यावर कुठेही ठपका आला नाही. निरोप समारंभात साहेब म्हणाले, बत्तीस वर्षांत एक डाग नाही, आणि मी हार घालून घेतला. पण त्या दिवसापासून दांडीखालून जाणाऱ्याला मी ज्या शिव्या घालत आलो त्या कोणासाठी होत्या, ते मला ठाऊक होतं.

मायलेकी बाजारातून आल्या तेव्हा दांडी उतरवून मी अंगणात टाकली होती. पाना फिरवताना एक नट निसटून पडवीत घरंगळला, तो कोंबडीने चोचीत धरून पाहिला.

"काय झाला हो तुमच्या फाटकाला?" बायकोने विचारलं.

"रंग वाळला नव्हता," मी म्हणालो.

मुलगी क्वालिटीत आहे. माल परत का आला हे ती लगेच विचारत नाही, आधी नोंद करून ठेवते.

त्या रात्री जेवल्यावर मी लिंक उघडली. मग कळलं की जगात लहान मुलांच्या गेटचे इतके प्रकार आहेत की त्यापुढे रेल्वे काहीच नाही. दाबून बसणारं, स्क्रूने बसणारं, गुंडाळून ठेवता येणारं जाळीचं, मांजरासाठी खाली छोटी खिडकी असलेलं. ती खिडकी मी लगेच बाद केली. आमच्या कोंबड्यांना ती आपल्यासाठीच केलीय असं वाटलं असतं. त्याखाली गेट विकत घेतलेल्यांनी आपापले अभिप्राय लिहिले होते. एका बाईने लिहिलं होतं, गेट उत्तम आहे, मूल अडतं, नवरा अडतो, सासूबाई अडत नाहीत. मी हे बायकोला वाचून दाखवलं. तिने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

वाचता वाचता मला माझी अक्कल किती तोकडी होती ते समजत गेलं. गज उभेच हवेत, आडवे असले की पोरं शिडीसारखी चढतात. दोन गजांत पोराचं डोकं जाता कामा नये. जमिनीपासून फार वर नको. जिन्याच्या तोंडाशी दाबून बसणारं कधीच लावू नये, जोर आला तर ते पोरासकट खाली जातं. आणि मोठ्या माणसाला एका हाताने उघडता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात पोर असतं. हे शेवटचं मी दोनदा वाचलं. बत्तीस वर्षं माझ्या दोन्ही हातांत झेंडे होते.

मग माप. मी बायकोला सांगितलं की चौकट मोजून मुलीला कळव, मी बाहेर जाऊन येतो. तिने वितीने मोजली आणि फोनवर सांगितलं, चार वीत आणि तीन बोटं. मुलीने स्वतःची वीत पट्टीवर ठेवून हिशेब केला. मुलीची वीत बारीक, हिची वीत रुंद. गेट आलं ते चौकटीत ठेवलं तर बाजूने कोंबडी आरामात जाईल इतकी फट.

"तुला टेप दिसला नाय?" मी विचारलं.

"तुमी ठेवलेली वस्तू मला दिसत नाय."

"तू स्वतः ठेवलेली तरी कुठं दिसते? माहेरची हिरवी साडी आठवते का? घडीसुद्धा मोडली नव्हती. अख्खी साडी हरवणारी बाई मी दुसरी पाहिली नाय."

हा माझा हुकमी पत्ता. क्वार्टरमध्ये असताना तिची नवी कोरी साडी ट्रंकेतून नाहीशी झाली, ती कुठे गेली हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नव्हतं. भांडणात माझी बाजू पडायला लागली की मी ती साडी काढतो. ती नेहमीसारखीच विळी ओढून भाजी चिरायला बसली.

फट भरायची जोडपट्टी मागवली. गेट दाबून बसणारं होतं, ते बसलं. मी मागे सरून बघत होतो तेवढ्यात कुत्रा आला आणि रोजच्या सवयीने चौकटीला अंग टेकून बसला. गेट त्याच्यासकट स्वयंपाकघरात आडवं झालं. कुत्रा उठला, गेटवर चढून बसला. मी म्हणालो, "हाड." तो शेपटी हलवत जवळ आला.

गेट परत पाठवलं आणि स्क्रूचं मागवलं. सागाच्या त्या चौकटीत मी कधी कॅलेंडरसाठी खिळा मारू दिला नव्हता. जावयाने एकदा विजेची माळ टांगायला मारला होता तर मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. त्या चौकटीला मी स्वतःच्या हाताने आठ भोकं पाडली. प्रत्येक भोकाला बायको म्हणत होती, "दुखतंय का?"

गेट पक्कं बसलं. कुत्रा टेकला, हललं नाही. मी ढकललं, हललं नाही. आणि मग असं झालं की ते मला उघडेना. वरचं बटण अंगठ्याने मागे ओढायचं, दाबायचं, मग पूर्ण गेट किंचित उचलून ढकलायचं. बायकोला पहिल्या झटक्यात जमलं. मी बटण ओढलं तर उचलणं राहायचं, उचललं तर बटण सुटायचं. दुपारी ही स्वयंपाकघरात आणि मी बैठकीत, असा मी गेटला धरून उभा होतो. पाणी प्यायचं होतं.

"उघड गो."

"गाडी यायची हाय. थांबा."

"कुठली गाडी?"

"मला काय विचारता, मास्तरला विचारा." ती गॅसकडे वळली. "हॉर्न वाजवू नका. हॉर्न वाजवून गेट उघडत नाय." माझंच वाक्य. बत्तीस वर्षं ट्रकवाल्यांना ऐकवलेलं, तिने क्वार्टरच्या खिडकीतून शब्दन् शब्द पाठ केलं होतं. तिने मला भाजी परतून होईपर्यंत उभं ठेवलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलगी तपासणीला आली. गेट दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. गजांमधून मूठ घालून पाहिली. खाली बसून फट मोजली, टेपने. एका कडेवर नातीला घेऊन दुसऱ्या हाताने उघडलं, मिटलं. मी शाळेत निकालाच्या दिवशी उभा राहायचो तसा उभा होतो.

"पास," ती म्हणाली. मग मागच्या दाराकडे गेली आणि अंगणात बघितलं. लाल-पांढऱ्या दांडीवर बायकोने दुधीचा वेल चढवला होता. "बाबा, ती का काढलीत? खरं सांगा. रंगाचं नको."

खोटं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. उंची चुकली, एवढं म्हणायचं. गेट पास झालं होतं, नात येणार होती. पण ती कडेवर बसून माझा चष्मा मागत होती, आणि मला वाटलं की जी ही पोर माझ्या भरवशावर इथे ठेवणार तिला हे माहीत असायला हवं. मी सांगितलं. आधी नातीचं, दांडीखालून गेलेलं. मग तिचं स्वतःचं. डबा, खडी, करवंदवाली, बहात्तर. मला लाज वाटत होती आणि भीती वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

मुलगी खुर्चीत बसली. बोलली ती बायको.

"म्हायती हाय मला," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"करवंदवाली मला त्याच दिवशी नळावर भेटली. फ्रॉकवर करवंदाचे डाग होते आन् घरात करवंदं कोणी आणली नव्हती, ते मला पण दिसत होतं." ती ओट्यावर फडकं फिरवत होती, मागे न वळता. "तिला द्यायला माझ्यापाशी एकच चांगली वस्तू होती. ती दिली. तिला हिरवा रंग शोभत होता."

अठ्ठावीस वर्षं मी त्या साडीवरून तिला बोललो होतो. तिने एकदाही तोंड उघडलं नाही. मी फक्त एवढंच म्हणालो, "बोलली का नायस?"

"तुमी सांगाल कवातरी, म्हणून थांबलेली," ती म्हणाली. "गेट बंद होता ना तुमचा."

मुलीने मला एकच विचारलं. "नंबर दिला तेव्हा तुमी बघत कुठं होता?"

"भिंतीकडे. फोन भिंतीवर होता."

तिने मान हलवली. नातीचे कपडे पिशवीत भरले. जाताना मी विचारलं, उद्या कितीला येशील? ती म्हणाली, "बघते." क्वालिटीच्या भाषेत 'बघते' म्हणजे माल अजून पास नाही, हे मला माहीत होतं. ती गेल्यावर मी गेटला पाठ टेकून बसलो. ते हललं नाही.

दुसऱ्या दिवशी एक तारीख. सकाळी मी घरापुढच्या ओट्यावर बसून मुरबाडकडे जाणाऱ्या स्कूट्या मोजत होतो. बायको म्हणाली, आत या, चहा गार होतोय. मी म्हणालो, होऊ दे. साडेसातला एक स्कूटी आमच्या वळणावर हळू झाली. मुलीने नातीला माझ्या हातात दिलं, पिशवी दिली, झोपेची वेळ सांगितली, मऊ भाताची वेळ सांगितली, आणि कामावर गेली.

दहा वाजता फोन वाजला. बायको पडवीत कोंबड्यांना दाणे टाकत होती. नात चटईवर होती, निदान मी फोन घ्यायला उठलो तेव्हा तरी होती.

"बाबा," मुलगी म्हणाली. मागे कारखान्याचा आवाज येत होता. "गेट बंद?"

"बंद."

"नंबर द्या."

तोंडात पहिल्यांदा बहात्तरच आला. पण तो खोडलेला होता, तो पुन्हा वापरायचा नसतो. मी फोन कानाला तसाच धरून भिंतीकडे पाठ केली. नात गेटपाशी पोचली होती. दोन्ही मुठींत गज धरून पलीकडच्या कोंबडीला काहीतरी सुनावत होती, बहुतेक तिच्या अकलेबद्दल. गेटची कडी बसलेली होती.

आधी मी ते सगळं नीट बघितलं. मग नंबर दिला.